ऱ्हाईन नदीचे पूर्ववत् होणे

नदीतील मासे मेल्याच्या वृत्ताचा शेवट बहुधा एका ठराविक वाक्याने होतो : ‘नदीची स्थिती आता पूर्ववत् झाली आहे.’ शासकीय सेवेच्या दीर्घ काळात हे वाक्य आम्ही अनेक अहवालांच्या अखेरीस वाचले. ते खोटे असते असे नाही. परंतु ‘पूर्ववत्’ म्हणजे नेमके कोणत्या पूर्वीसारखे, हा प्रश्न त्यात विचारलेला नसतो. मागील आठवड्यासारखे, की आपल्या आजोबांच्या वेळेसारखे? हा प्रश्न युरोपला एका दुर्घटनेने विचारायला लावला. तिचा आणि तिच्यानंतरच्या काळाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

स्वित्झर्लंडमधील बासल शहराजवळ, ऱ्हाईन नदीच्या काठी, श्वाइट्सरहाले येथे सँडोझ या रसायन कंपनीचे एक गोदाम होते. त्यात सुमारे साडेतेराशे टन रसायने साठवलेली होती आणि त्यांत कीटकनाशकांचा भरणा मोठा होता. १ नोव्हेंबर १९८६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर तेथे आग लागली. भोपाळच्या वायुदुर्घटनेला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि चेर्नोबिलला जेमतेम सहा महिने झाले होते. पहाटे शहरात भोंगे वाजले. दारे-खिडक्या लावून घरातच थांबा, असे रहिवाशांना सांगण्यात आले. आगीत कोणाचा बळी गेला नाही. तथापि ती विझवण्यासाठी मारलेले दहा ते पंधरा हजार घनमीटर पाणी अडवून धरील असे कुंड त्या आवारात नव्हते. ते पाणी कीटकनाशके, पाऱ्याची संयुगे आणि एक लाल रंगद्रव्य घेऊन सरळ नदीत उतरले. सकाळी बासलच्या लोकांनी पाहिली ती लाल झालेली ऱ्हाईन. असे कुंड नसल्याची उणीव एका विमा कंपनीच्या तपासनीसांनी १९८१ सालीच लेखी दाखवून दिली होती, हे पुढे उघड झाले. कागदावरची सूचना आणि जमिनीवरचे काम यांतील अंतर केवळ आपल्याच देशात असते, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विषाचा हा लोंढा पुढे जर्मनी, फ्रान्स व नेदरलँड्सच्या दिशेने सरकू लागला. खालच्या देशांना सूचना उशिरा पोहोचली, म्हणून मोठा संताप झाला. नदीचे पाणी उचलणारी केंद्रे बंद करावी लागली आणि जर्मनीतील काही गावांना टँकरने पाणी द्यावे लागले. सर्वांत मोठी हानी झाली ती ईल माशांची. आपल्याकडील वाम माशासारखे सर्पाकृती असणारे हे मासे तळाशी, चिखलात व दगडांच्या कपारींत राहतात. आणि जड रसायने तळालाच बसली होती. बासलपासून लोरेलायच्या कड्यापर्यंत सुमारे चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात अंदाजे दीड लाख ईल मेले. माशांचे अन्न असलेले तळाचे बारीक किडे व अळ्या तर बासलखालच्या भागात जवळजवळ नाहीशा झाल्या. ऱ्हाईन मेली, आता ती कित्येक वर्षे उठणार नाही, असेच त्या वेळी बोलले जाऊ लागले.

प्रत्यक्षात घडले ते वेगळे. एक-दोन वर्षांतच तळाचे प्राणी मोठ्या प्रमाणात परतले आणि त्यांच्यापाठोपाठ मासेही वाढू लागले. याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. पहिले कारण म्हणजे वाहणे. विषाचा लोंढा एकदाच आला, वाटेत मिळणाऱ्या पाण्याने पातळ होत गेला आणि समुद्राकडे निघून गेला. दुसरे कारण त्या विषाच्या स्वभावात होते. त्यांतील बरीचशी कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरसयुक्त वर्गातील होती. ती मारक असतात, परंतु पाण्यात व जीवाणूंच्या क्रियेने तुलनेने लवकर विघटित होतात. पाऱ्याचे तसे नसते. त्याचे रूप बदलते, पण तो नष्ट होत नाही. तिसरे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण हे, की बासलच्या वरची नदी शाबूत होती. वरच्या ऱ्हाईनमधून आणि तिला बासलच्या आधीच मिळणाऱ्या आरे नदीतून किड्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर नित्य खाली वाहत येत असतात. रिकाम्या झालेल्या तळावर त्यांनी पुन्हा वस्ती केली. खालच्या भागात नेकार, माइन, मोझेल अशा उपनद्यांनी आणि जुन्या प्रवाहाच्या बाजूच्या पाणथळींनी हेच काम केले. गावात दुष्काळ पडला तरी शेजारच्या गावच्या कणगीत बियाणे शिल्लक असावे, तसा हा प्रकार होता. नदी स्वतःला सावरते ती या शिलकीच्या बळावर.

येथे कथा संपली असती, तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. नदी १९८६ च्या ऑक्टोबरसारखी झाली खरी. पण ती ऑक्टोबरमधली नदी होती कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ऱ्हाईन ही युरोपातील सॅल्मन माशाची एक प्रमुख नदी होती. समुद्रात वाढलेला हा मासा अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत उलटा पोहत येतो. १८८५ च्या सुमारास ऱ्हाईनमध्ये वर्षाला अडीच लाखांच्या आसपास सॅल्मन पकडले जात. त्यापूर्वीच, १८१७ पासून, नदीची वळणे कापून ती सरळ करण्याचे काम सुरू झाले होते. मग वीजनिर्मितीचे बंधारे आले, शहरांचा मैला आला, कारखान्यांचे सांडपाणी आले. १९५० च्या दशकात सॅल्मन नदीतून नाहीसा झाला. १९६९ साली एंडोसल्फानमुळे लाखो मासे मेले. तळाच्या किड्या-शिंपल्यांच्या ज्या दीडशेहून अधिक जाती शतकाच्या आरंभी होत्या, त्यांपैकी १९७१ च्या सुमारास तीसही उरल्या नव्हत्या. सॅल्मनला काही कोणत्या एका आगीने मारले नव्हते. त्याला मारले ते रोजच्या, बहुधा कायदेशीर परवान्याने चाललेल्या व्यवहाराने.

या नदीसाठी कोणी काहीच करत नव्हते, असेही नाही. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स यांचा संयुक्त आयोग १९५० पासून काम करत होता. मोजमापे होत होती, अहवाल निघत होते आणि सत्तरीच्या दशकात मैलाशुद्धीकरणावर मोठा खर्चही झाला होता. परंतु काठावरच्या देशांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना होती. फ्रान्समधील पोटॅशच्या खाणींतून नदीत सोडल्या जाणाऱ्या मिठाबद्दलचा करार १९७६ साली झाला, तर त्याला अंतिम मान्यता मिळण्यास १९८५ उजाडले. वरचा सोडतो आणि खालचा सोसतो, हे भांडण आपल्याकडील आंतरराज्य नद्यांच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आगीने हा खोळंबा मोडला. डिसेंबर १९८६ मध्ये संबंधित देशांचे मंत्री रॉटरडॅम येथे जमले आणि १ ऑक्टोबर १९८७ रोजी स्ट्रासबुर्ग येथे ऱ्हाईन कृतिकार्यक्रम मंजूर झाला. ठरवलेल्या घातक पदार्थांचे विसर्जन १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचे, अपघाताचे पाणी अडवणारी कुंडे कारखान्यांत बांधायची, सूचनेची यंत्रणा सुधारायची, ही त्यातील काही कलमे. परंतु सर्वांत शहाणपणाचे उद्दिष्ट वेगळेच होते : २००० सालापर्यंत सॅल्मन ऱ्हाईनमध्ये परतला पाहिजे. आम्हांला या कलमाचे विशेष कौतुक वाटते. मिलिग्रॅममध्ये मांडलेले उद्दिष्ट तज्ज्ञच तपासू शकतात. मासा आला की नाही, हे नावाडीही सांगू शकतो. शिवाय सॅल्मन यायचा तर पाणी स्वच्छ हवे, अंडी घालण्यास खडीचा तळ हवा आणि समुद्रापासून तेथवर वाट मोकळी हवी. म्हणजे एका माशाच्या नावाने संपूर्ण नदीची मागणी केली गेली. ‘पूर्ववत्’ या शब्दाला प्रथमच एक निश्चित अर्थ दिला गेला, आणि तो आगीच्या आदल्या दिवसाचा नव्हता.

पुढील हिशेब संमिश्र आहे. विसर्जन निम्मे करण्याचे उद्दिष्ट बहुतेक पदार्थांच्या बाबतीत गाठले गेले. शुद्धीकरण केंद्रांशी जोडलेल्या लोकसंख्येचे प्रमाण १९८५ च्या सुमारास ८५ टक्के होते, ते पुढे ९६ टक्क्यांवर गेले. बाहेरून आणलेल्या बीजापासून वाढवलेली सॅल्मनची पिल्ले उपनद्यांत सोडण्यात आली आणि १९९० साली झीग या उपनदीत समुद्रातून परतलेला पहिला सॅल्मन आढळला. बंधाऱ्यांना वळसा घालून माशांना वर चढता यावे म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या जलवाटा बांधण्यात आल्या : इफेत्सहाइम येथे २००० साली, गाम्बसहाइम येथे २००६ साली, स्ट्रासबुर्ग येथे २०१६ साली व गेर्स्टहाइम येथे २०१९ साली. तरीही बासलपर्यंतची संपूर्ण वाट अजून मोकळी झालेली नाही आणि सॅल्मनची संख्या पिल्ले सोडण्यावरच अवलंबून आहे. १९९२ साली माइन-डॅन्यूब कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडील परके जलचर नदीत शिरले व त्यांनी अनेक ठिकाणी मूळच्या जातींना मागे सारले. तेव्हा ऱ्हाईन स्वच्छ झाली, जिवंत झाली, परंतु जुनी ऱ्हाईन परत आली असे म्हणता येत नाही. अपघाताची जखम एक-दोन वर्षांत भरली. शतकाची झीज भरून काढण्यासाठी चार दशकेही पुरलेली नाहीत.

आमचे वाचक कोणी विश्वामित्रीच्या, कोणी कान्हच्या, तर कोणी मुसीच्या काठी राहतात. पंचगंगेत मासे मेल्याची वृत्ते तर वारंवार येतात. तेथे युरोपचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. पैसा, पाऊस, लोकवस्ती सारेच निराळे आहे. मात्र पुढल्या वेळी ‘स्थिती पूर्ववत्’ असे वाचनात आले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. विष एकदाच आले, की रोज येते? मेलेल्या पट्ट्याच्या वर आणि बाजूच्या ओढ्यांत जीवसृष्टी शिल्लक आहे काय, आणि तेथून खाली येण्याची वाट मोकळी आहे काय? आणि कोणता मासा परतला म्हणजे नदी पूर्ववत् झाली असे मानायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. ते काठावरच्या भोई-कोळ्यांच्या आणि वृद्धांच्या आठवणीत आहे. ती माणसे आहेत तोवर माशांची ती नावे लिहून घेण्याचे काम आपल्यासारख्या मंडळांनी हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.