मुद्रित मराठी ग्रंथांचे संहितांकन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

छापील पान स्कॅन केले की ग्रंथ संगणकात आला, असा समज रूढ आहे. वस्तुतः संगणकाच्या लेखी ते केवळ चित्र असते. त्यातील शब्द शोधता येत नाहीत. चित्राचे अक्षरांत रूपांतर करून त्या अक्षरांना रचनेच्या व अर्थाच्या खुणा जोडणे म्हणजे संहितांकन. हे कार्य यांत्रिक नसून संपादकीय आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

इटालियन जेझुइट धर्मगुरू रोबेर्तो बूसा यांनी थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची १९४९ पासून आयबीएमच्या साहाय्याने सिद्ध करण्यास घेतली. प्रारंभी छिद्रित कार्डांवर चाललेल्या या कामाचे ५६ खंड १९७४ ते १९८० या काळात प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील पोकीप्सी येथील परिषदेतून ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम उदयास आला. प्रकरण, ओळ, पाठभेद, दुरुस्ती इत्यादींची नोंद कशी करावी, याची सर्वमान्य सूत्रे त्याने घालून दिली.

मराठीपुढील प्रश्न अधिक बिकट आहेत. विल्यम केरी यांचा श्रीरामपूर येथे १८१० मध्ये छापलेला मराठी कोश मोडी टंकांत आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत झाला. मोडीला मात्र २०१४ पर्यंत थांबावे लागले. मोडीत सामान्यतः ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. त्यामुळे देवनागरी लिप्यंतरात हा निर्णय मूळ मुद्रकाचा न राहता लिप्यंतरकाराचा होतो.

देवनागरी ग्रंथही याला अपवाद नाहीत. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तत्पूर्वीच्या मुद्रणात ‘घरांत’ हे रूप एकवचनीही असे. आज ते केवळ अनेकवचनी मानले जाते. जुने रूप तसेच ठेवल्यास ‘घरात’ शोधणाऱ्यास ते सापडत नाही; सरसकट बदलल्यास खरे अनेकवचनही पुसले जाते व लेखनपद्धतीचा पुरावा नष्ट होतो. यास्तव मूळ व प्रमाण अशी दोन्ही रूपे स्वतंत्र खुणांनी नोंदविणे हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.

सारांश, संहितांकन करणारा हा त्या ग्रंथाचा नवा संपादकच असतो. हे काम केवळ तंत्रज्ञांवर न सोपविता भाषा व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी त्याची जबाबदारी स्वीकारणे अगत्याचे आहे. अन्यथा उद्याचा संशोधक मूळ ग्रंथाऐवजी आपल्या चुकाच अभ्यासील.