पहिले विमान मोठेच हवे

रिमोटचे विमान उडवायला शिकायचे म्हटले की सल्ला ठरलेला असतो. आधी छोटे, स्वस्तातले घ्या. हात बसला की मोठ्याकडे वळा. दुकानदार हेच सांगतो, जुने शौकीनही बरेचदा हेच सांगतात, आणि पैसे मोजणाऱ्या पालकांना तर ते लगेच पटते. या मताची बाजू अगदीच लंगडी नाही. छोटे विमान आपटले तरी सहसा मोडत नाही, कोणाला लागले तरी फारशी इजा होत नाही, हरवलेच तर थोडक्यात भागते. मूल आधी छोटी सायकल चालवते, मग मोठी. तसेच हे, असा त्यामागचा विचार.

दृष्टान्त इथेच फसतो. छोटी सायकल मुलाच्या पायांच्या मापाची असते, म्हणून सोपी. विमान उडवणारा मात्र विमानात बसत नाही, जमिनीवर उभा असतो. विमान त्याच्या हाताच्या चपळाईला आणि नजरेला झेपले पाहिजे. या दोन्ही कसोट्यांवर छोटे विमान नवशिक्याला जड जाते.

आधी चपळाई. एकाच घडणीची दोन विमाने घ्या, दुसरे पहिल्याच्या चौथाई लांबीचे. त्याचे पंखक्षेत्र सोळाव्या हिश्शावर येते, वजन चौसष्टाव्या. म्हणजे पंखभार चौथाई होतो आणि हवेत टिकायला लागणारा वेग निम्मा. इथवर पूर्वपक्षाचीच सरशी. पण लांबी चौथाई आणि वेग निम्मा, याचा अर्थ आपल्या आकाराच्या मानाने ते दुप्पट धावते. कलंडणे, नाक खाली घालणे, गिरकी खाणे, सारे निम्म्या वेळात उरकते. चूक ध्यानात येऊन हात हलायला नवशिक्याला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो. शिवाय वारा काही लहान होत नाही. सेकंदाला 4 मीटरचा वारा माळावर नेहमीचाच. 9 मीटरने उडणारे विमान त्याला तोंड देत पुढे सरकते, 5 मीटरवाले जागच्या जागी डुलत राहते.

बरे, हवाही दोघांना सारखी वागवत नाही. पंख जितका अरुंद आणि संथ, तितका हवेचा चिकटपणा वरचढ ठरतो. जर्मन संशोधक एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी 1942 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की एका मर्यादेखाली जाड छेदाच्या पंखाची उचल ढासळते आणि बाक दिलेला पातळ पत्राही त्याहून सरस ठरतो. मोठ्या विमानाचे गुण नुसत्या लहान प्रतिकृतीत उतरत नाहीत, ते यामुळे.

आता नजर. 40 सेंटिमीटर पंखांचे विमान 46 मीटरवर गेले की आकाशात पूर्ण चंद्राएवढे दिसते. 1.4 मीटरवाले तेवढे दिसायला 160 मीटर लांब जावे लागते. ठिपका दिसणे पुरेसे नाही, तो येतो आहे की जातो आहे हे कळायला हवे. विमान तोंडावर येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि नवशिके बहुधा तिथेच गडबडतात. त्यावर जुनी युक्ती आहे: जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला स्टिक द्यायची, म्हणजे तो वर येतो. पण झुकलेला पंख कोणता, हे दिसले तरच ना!

यावर उत्तर येईल, की आता छोट्या विमानातही जायरो असतो, तो सावरून घेतो. घेतो, कबूल. पण जायरो विमानाला समतोल ठेवतो; वारा त्याला कुठे वाहून नेतोय, हे साध्या जायरोला कळत नाही. आणि विमान माघारी कसे वळवायचे, कुठे उतरवायचे, हे शिकणे तुमच्याच वाट्याला उरते.

मग हा सल्ला रुजला कसा? मला वाटते, तो मुक्त उड्डाणाच्या काळचा वारसा आहे. हाताने सोडलेल्या बाल्साच्या ग्लायडरला हवेत सावरणारा कोणी नसतो, तेव्हा छोट्यापासून सुरुवात करणे रास्तच. रेडिओ आला आणि प्रश्न बदलला. 1937 साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम या गुड बंधूंनी रेडिओने चालवलेल्या ‘गफ’चे पंख आठ फुटी होते.

सुरक्षेचा मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. वरच्या हिशेबाने 1.4 मीटरचे विमान 40 सेंटिमीटरच्या विमानापेक्षा दीडशेपट ऊर्जेने आदळते. सोसायटीच्या आवारात ते उडवणे हा गुन्हाच. पण यातून सिद्ध होते ते इतकेच, की मोठे मैदान हवे. मैदान नाही म्हणून छोटे घेणे ही तडजोड आहे, शिक्षणाचा क्रम नव्हे. कायदाही आड येत नाही: 2021 च्या ड्रोन नियमांत 2 किलोपर्यंतच्या विमानाला, वापर व्यावसायिक नसेल तर, पायलटचा परवाना लागत नाही. हवाई क्षेत्राचा नकाशा मात्र आधी पाहावा.

राहता राहिला पैसा. खर्चाचा मोठा वाटा ट्रान्समीटर आणि चार्जरचा. चांगले घेतले तर पुढच्या विमानांनाही चालतात. खेळण्यासोबत येणारा रिमोट बहुधा त्या खेळण्यापुरताच.

तेव्हा पंख वर बसवलेले, टोकांकडे किंचित उचललेले, फोमचे, सव्वा ते दीड मीटरचे विमान घ्या. दुकानात किंमत विचारण्याआधी वजन आणि पंखक्षेत्र विचारा आणि भागाकार करा. दर चौरस डेसिमीटरला 30 ते 40 ग्रॅम आले तर पुढे बोला. दुकानदाराला हे दोन आकडे सांगता आले नाहीत, तर त्याचा ‘आधी छोटे घ्या’ हा सल्लाही तिथेच ठेवून या.