शिंपले, गुंड्या आणि गाळ

नदीचा इतिहास म्हटला कीं लढाया, बंदरें आणि पूल डोळ्यांपुढें येतात. आज श्रोत्यांना तळाकडे न्यावयाचें आहे, आणि तेंहि मिसिसिपीसारख्या अवाढव्य नदीच्या.

आयोवा संस्थानांत या नदीच्या कांठीं मस्कटाइन नांवाचें गांव आहे. १८९१ सालीं बोपल नांवाच्या जर्मन कारागिरानें तेथें गोड्या पाण्यांतील शिंपल्यांपासून गुंड्या कापण्याचा कारखाना काढला. आदल्याच वर्षीं परदेशी गुंड्यांवर जबर जकात बसली होती. धंद्याला बरकत आली. १९०५ सालीं त्या गांवांत दीड अब्ज गुंड्या तयार झाल्या, असें सांगतात. पण नदींतील शिंपल्यांचे थवे भराभर उजाड होऊं लागले.

उपाय म्हणून १९०८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें जवळच फेअरपोर्ट येथें एक जीवशास्त्रीय केंद्र मंजूर केलें. शिंपल्याचें पिल्लूं जन्मतःच माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटतें, कांहीं आठवडे त्याच्या जिवावर राहतें आणि मग तळाशीं गळून पडतें. तेव्हां माशांना पिल्लें चिकटवून ते नदींत सोडावे, अशी ही योजना. कल्पना चतुर खरी. परंतु पिल्लूं जेथें पडणार तो तळच बदलत चालला होता, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

तें लक्ष वेधलें मिझूरी विद्यापीठांतील मॅक्स एलिस यांनीं. १९३६ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध अजूनहि वाचण्याजोगा आहे. शिंपला वाळूंत वा खडींत अर्धवट रुतून बसतो, पाणी आंत ओढतो आणि कल्ल्यांनीं गाळून अन्न व प्राणवायु मिळवितो. एरवीं उत्तम अशा वाळूच्या तळावर पाव इंच ते एक इंच गाळाचा थर सांचूं दिला, तर बहुतेक सामान्य जाती तेथें टिकेनात. गढूळ पाण्यांतील शिंपले शेंकडा ७५ ते ९५ वेळ मिटून राहत. स्वच्छ पाण्यांतील निम्म्याहूनहि कमी. तोंड मिटलेला प्राणी खाणार काय आणि श्वास घेणार कसा?

हा गाळ आला कोठून? गवताळ माळ नांगरले गेले, त्यांची माती ओढ्यांतून नदींत उतरली. शिवाय नऊ फूट खोलीचा जलमार्ग करण्याचें १९३० सालीं ठरून पुढल्या दहा वर्षांत नदीवर धरणांची सांखळी उभी राहिली. पाणी मंदावलें कीं पूर्वीं वाहून जाणारी बारीक माती खालीं बसते. शिंपले काढणाऱ्यांवर सर्वांनीं खापर फोडलें. दूरच्या शेतांतला नांगर मात्र कोणाच्या नजरेस पडला नाहीं. माझ्या मतें काढणारे निर्दोष नव्हते, पण ते एकटेहि दोषी नव्हते.

गाळ सर्वांनाच मारतो, असें मात्र समजूं नये. हेक्झाजेनिया नांवाच्या अल्पायुषी माशीचें बाल्य चिखलांत बीळ करूनच जातें. उन्हाळ्यांत या माशांचे थवे पुलांवर इतके पडतात कीं ते खरवडून काढावे लागतात. मात्र त्याच चिखलांत शहराचें सांडपाणी मिसळलें, तर प्राणवायु संपतो आणि बिळें ओस पडतात. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल यांच्या खालीं तसेंच झालें होतें. सांडपाण्याची शुद्धि सुधारल्यावर १९८० नंतरच्या दशकांत माशा परत आल्या.

शिंपल्यांचें परतणें इतकें सोपें नव्हे. पेपिन सरोवराच्या तळांतून काढलेल्या थरांवरून दिसतें कीं, १८३० पूर्वींच्या मानानें तेथें सुमारें दसपट वेगानें गाळ बसतो. त्यांतला बहुतेक मिनेसोटा नदीचा. प्लॅस्टिकनें गुंड्यांचा धंदा केव्हांच बसविला, तरी हिगिन्स नांवाचा शिंपला १९७६ सालीं नष्टप्राय जातींच्या यादींत गेला. विस्कॉन्सिनमधील जिनोआ येथील सरकारी मत्स्यकेंद्रांत त्याचीं पिल्लें माशांना चिकटवितात, अगदीं फेअरपोर्टच्याच रीतीनें. फरक एवढाच कीं, ते मासे सोडावयाची जागा आतां तळ पाहून निवडतात.