एका खोलीतली लस आणि गिरणगावचा कामगार

सातवीपलीकडे मी शाळा पाहिली नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यानंतर. तेव्हा या व्यासपीठावरून शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु वैद्यकशाळा आणि चाळ समोरासमोर आल्याचा एक प्रसंग आमच्या कामगारांच्या इतिहासात आहे, तो मी सांगणार आहे.

1894 साली हाँगकाँगमध्ये थैमान घालणारी प्लेगची साथ दोन वर्षांत मुंबईत उतरली. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तिचे निदान केले. सरकारने ओडेसा येथे जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि हाताशी थोडकी माणसे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध केली. 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम टोचून घेतली स्वतःच्याच अंगात. जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचले, तेव्हा टोचलेल्यांत लागण उघडउघड कमी दिसली.

ही झाली खोलीच्या आतली हकिगत. बाहेर काय चालले होते? ऑक्टोबर 1896 च्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आजाऱ्याला घरातून जबरीने उचलून नेत, आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. चाळीला दिसले ते एवढेच. पुढे 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा आला आणि सक्तीला कायद्याचे बळ मिळाले. लाखो लोक शहर सोडून गेले. जे राहिले त्यांनी महिन्याचा पगार तुंबवून ठेवण्याची चाल नाकारली आणि रोजची मजुरी रोज मागितली. माणसे मिळेनात तेव्हा मालकांना ती द्यावी लागली. उद्याचा भरवसा नसलेला माणूस आजचा दाम आज मागतो, यात अडाणीपणा कोणता?

या दोन जगांमध्ये उभे राहिले ते लोकांतलेच लोक. 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांच्या मदतीला धावले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच रोगाने गेले. पुण्याजवळ पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च रोजी गेल्या. तरुण आगाखानांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, आणि हजारो खोजा बांधव पुढे आले. हुकुमाने जे झाले नाही ते विश्वासाने झाले.

1899 मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे गिरणगावाच्या दारातच आली. विश्वास किती नाजूक असतो याचा अनुभव 1902 साली पंजाबातील मलकोवाल गावी आला. लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना निलंबित केले गेले. ते निर्दोष ठरण्यास 1907 साल उजाडले. 1925 मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. दरम्यान प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

आता माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. 2021 साली आमच्या भागातील एका कारखान्याच्या फाटकाशी करोनाची लस आली. डॉक्टर आले, टेबल मांडले, रांग मात्र लागेना. एक हेल्पर मला म्हणाला, "भाऊ, सुई घेतो हो, पण उद्या ताप आला तर खाडा कोण भरून देणार?" आम्ही व्यवस्थापकाच्या दारात ठिय्या दिला आणि दोन दिवसांची भरपगारी सुटी लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली होती.

हाफकिनच्या लशीनेही ताप येत असे. त्या काळच्या गिरणी कामगाराने हाच प्रश्न मनात विचारला असेल, असे मला वाटते; पण तो ऐकायला कोणी थांबले नाही. लस खोलीत तयार होते, हे खरे. ती दंडापर्यंत पोचवायची, तर आधी त्या दंडाच्या मजुरीची विचारपूस करावी लागते.