शिकारीतील पक्ष्यांचे मांस व त्याची परीक्षा

शिकारीत मिळालेल्या पक्ष्याचे मांस खाण्यास निर्धोक आहे काय व ते कितपत मऊ, रुचकर ठरेल, हे पारखण्याची परंपरागत पद्धती. सातारा व सांगली जिल्ह्यांत अशा पक्ष्यांचे दोन प्रदेश पडतात : पश्चिमेकडील कोयना-चांदोलीच्या जंगलात रानकोंबडा व चकोत्री, तर माण, खटाव, आटपाडी, जत येथील कोरड्या माळांवर तित्तर, लावा व पखुर्डी.

या परीक्षेची जुनी शास्त्रीय मांडणी *सुश्रुतसंहिते*च्या सूत्रस्थानात आढळते. लावा, तित्तर, मोर, कोंबडा इ. जमीन उकरून टिपणाऱ्या पक्ष्यांचा तेथे ‘विष्किर’ असा वर्ग केला असून त्यांचे मांस हलके मानले आहे. आपोआप मेलेल्या, रोगट, सर्पदंशाने वा विषाने मेलेल्या, फार वृद्ध, कृश वा अतिबाल प्राण्याचे मांस वर्ज्य ठरविले आहे. पहिला प्रश्न रुचीचा नसून प्राणी कशाने मेला, हा आहे. पक्ष्यांत नर, चतुष्पादांत मादी. मोठ्या देहाच्या प्राण्यांत लहान व लहान देहाच्यांत मोठे श्रेष्ठ, हा त्यातील नियम अनुभवातूनच आला असावा.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या *मानसोल्लासा*त मृगया व पाककृती या दोहोंचे वर्णन आहे. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य याने कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी विवाह केल्याचे बिल्हण सांगतो. शेतांत व नदीकाठी राहणारे काळे, बळकट उंदीर निवडावेत, असे सोमेश्वर सांगतो. म्हणजे प्राण्याचा अधिवासही निवडीत धरला जाई.

माळावरच्या फासेपारध्यांची रीत निराळी होती. फाशात पक्षी जिवंत सापडे व बहुधा जिवंतच विकला जाई. त्यामुळे मृत्यूच्या कारणाची शंकाच उरत नसे आणि छऱ्यांनी मांस नासतही नसे. बंदुकीच्या शिकारीत मात्र पोट फुटले आहे काय, हे आधी पाहावे लागे. फुटलेल्या आतड्यातील घाण मांसाला लागली, की उष्ण हवेत ते लवकर बिघडते. दमछाक होऊन मेलेल्या प्राण्याच्या स्नायूंतील ग्लायकोजेन संपलेले असते. पुरेसे आम्ल न बनल्याने असे मांस गडद होते व फार टिकत नाही. यूरोपात फेझंट काही दिवस टांगून मऊ करीत. दख्खनच्या उन्हाळ्यात ते शक्य नसल्याने कोवळा पक्षी ओळखण्याला महत्त्व आले. नराच्या पायावरील आर आखूड व बोथट असेल, तर पक्षी तरुण. लांब व टोकदार असेल, तर जून आणि चिवट.

अमेरिकेतील रानटी टर्कीचे वयही शिकारी आरेवरूनच ठरवितात. हा पक्षी भारतात रानटी नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत तो जहांगीराच्या दरबारी पोहोचला व चित्रकार मन्सूरने त्याचे चित्र काढले.

१९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात परवान्याने शिकारीची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. कोयना व चांदोली ही १९८५ मध्ये अभयारण्ये झाली आणि २०१० मध्ये त्यांचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. टर्की व जपानी लावा आता पाळून विकले जातात. पाळीव पक्ष्याचे वय पाळणाऱ्याला ठाऊकच असल्याने त्याची आर पाहावी लागत नाही.