वाळूत चाक का रुतते? वर्धेच्या पात्रापासून लिबियाच्या वाळवंटापर्यंत

घुग्घुसजवळ वर्धा नदी उन्हाळ्यात आटू लागली की पात्रातील वाळूचे पट्टे उघडे पडतात. पलीकडे वणी तालुका. पूल सर्वत्र झाले नव्हते त्या काळी अशी पात्रे ओलांडण्याचे काम बैलबंडीला करावे लागे. बंडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव चढवलेली असे. काळ्या मातीच्या वाळून घट्ट झालेल्या चाकोरीत हे अरुंद, कडक चाक उत्तम चाले; कोरड्या वाळूत मात्र तीच धाव सुरीसारखी आत शिरे. मग बैलांचे खांदे सोलवटत आणि माणसे आऱ्यांना हात घालून चाक पुढे रेटत.

या दृश्यात एका मोठ्या प्रश्नाचे बीज आहे. वाळूवर कोणते चाक चालते? आज टेकड्यांवर चार चाकांची एटीव्ही हाकणारा हौशी चालक टायर निवडताना हाच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर सापडायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते सहजबुद्धीच्या नेमके विरुद्ध निघाले.

सहजबुद्धी चिखलात घडलेली असते. काळी माती चिकट असते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरील जाड, तिरप्या खाचा तिच्यात रुततात, तिला पकडतात आणि यंत्र पुढे ढकलतात. वाळूला हा चिकटपणाच नाही. तिचे कण केवळ एकमेकांवरच्या घर्षणाने आणि वरच्या भाराने जागेवर राहतात. त्यांना खरवडले की ते मोकळे होतात आणि फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खोदते. म्हणून वाळूत पकड वाढवण्यापेक्षा भार पसरवणे महत्त्वाचे ठरते. उंटाच्या पसरट, मऊ तळव्याने हे गणित केव्हाच सोडवले होते. माणसाचे लक्ष तिकडे उशिरा गेले.

हवा भरलेल्या टायरचा जन्म वाळूसाठी झालेला नव्हता. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने ती कल्पना नव्याने मांडली. दोघांपुढेही प्रश्न हादऱ्यांचा होता. मात्र या टायरमध्ये एक गुण दडलेला होता. मऊ टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानाने आतील हवेच्या दाबाइतकाच असतो. हवा निम्मी केली की त्याच वजनासाठी टायर जवळजवळ दुप्पट जागा व्यापतो. गंमत अशी, की तो रुंदीत फारसा फुगत नाही. त्याचा ठसा लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. पुढे भारतात बैलगाड्यांनाही हवेचे टायर बसले आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या वाटा टायरगाड्यांनी भरून गेल्या. तेच बैल पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ओझे ओढू लागले, यामागे हेच तत्त्व होते.

वाळवंटात मोटार नेण्याचे प्रयत्न पहिल्या महायुद्धापासून दिसतात. १९१६ पासून इजिप्तच्या पश्चिम सीमेवर ब्रिटिशांच्या गस्ती तुकड्या हलक्या फोर्ड मॉडेल-टी गाड्या वापरत. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने वेगळी वाट धरली. मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवलेल्या तिच्या गाड्यांनी १९२२ च्या डिसेंबरात निघून जानेवारी १९२३ मध्ये सहारा ओलांडले. पराक्रम मोठा होता; पण यंत्र गुंतागुंतीचे आणि संथ.

खरी उकल केली राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने. इजिप्तमध्ये नेमणूक असताना तो मित्रांसह सुट्टीत, स्वखर्चाने वाळवंटात जाई. १९२९ आणि १९३० च्या मोहिमांत त्याने साध्या फोर्ड मॉडेल-ए गाड्या इजिप्त-लिबिया सीमेवरील महावाळूसागरात घातल्या. टायरमधील हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवायच्या, आणि टेकडी समोर आली की कचरायचे नाही, असे त्याचे तंत्र होते. वाळूच्या उभ्या भिंतीसारख्या दिसणाऱ्या चढावर त्याने वेगात गाडी घातली आणि ती तरंगत गेल्यासारखी माथ्यावर पोहोचली. वाऱ्याने घट्ट बसवलेली वाळू कुठे भार पेलते आणि कुठे पिठासारखी सैल असते, हे तो उतारावरून ओळखू लागला. त्या निरीक्षणांतूनच १९४१ मध्ये वाळूच्या भौतिकशास्त्रावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. हौसेतून इतके शास्त्र क्वचितच निघाले असेल.

मध्यंतरी महायुद्ध पेटले होते. १९४० च्या उन्हाळ्यात बॅग्नोल्डने ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभारला. उत्तर आफ्रिकेतील मोठ्या लढाया किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात होत होत्या. तिथल्या टोब्रुकच्या तटबंदीवर २० जून १९४२ रोजी रोमेलच्या हल्ल्याचा आघात झाला, तेव्हा तो झेलणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. दक्षिणेचा वाळूसागर मात्र दुर्गम समजून शत्रूने जवळपास मोकळा सोडला होता. बॅग्नोल्डची माणसे तिथूनच ये-जा करत. पुढे भारतीय घोडदळातील जवानांची एक तुकडीही त्यांच्या जोडीला आली. इथे टायर म्हणजे प्राण होता. जानेवारी १९४१ च्या अखेरीस शत्रूच्या हल्ल्यात गाडी गमावलेले चार जण सुमारे दहा दिवस, दोनशेहून अधिक मैल चालले. फ्रेंच सैनिकांना ते सापडले. पण एकाचा प्राण वाचला नाही.

शांततेच्या काळात हे ज्ञान खेळात उतरले. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, या अमेरिकी विक्रेत्यांच्या अडचणीवर होंडाने १९७० मध्ये तीन चाकांची गाडी आणली. तिला स्प्रिंगा नव्हत्या. अगदी कमी हवेचे फुगीर टायरच हादरे झेलत आणि वाळूवर तरंगत. पण असा टायर चेंडूसारखा उसळतो, आणि वळणावर तीन चाकांचा तोल जातो. अपघात वाढले, बळींमध्ये मुलेही होती. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी तीनचाकींची विक्री थांबवण्याचे मान्य केले. चारचाकी तोपर्यंत आलीच होती.

आजचा वाळूचा खास टायर मात्र बॅग्नोल्डला चकित करील. मागच्या टायरवर आडव्या, वल्ह्यासारख्या रबरी पट्ट्या असतात. त्या वाळू धरत नाहीत, मागे फेकतात आणि त्या जोरावर गाडी होडीसारखी पुढे सरकते. अर्थात इंजिनात ती वल्ही सतत फिरवण्याचे बळ हवे. लहान इंजिनावर मोठ्या व पुष्कळ पट्ट्यांचा टायर चढवला तर चढावर गाडीचा दम तुटतो. त्याला कमी उंचीच्या, मोजक्या पट्ट्याच मानवतात. पुढचा टायर जवळपास गुळगुळीत, मध्ये एखादी उभी कड असलेला निवडतात. वळताना तीच कड वाळू कापते. आणि वेग मेला की वल्हेही खड्डाच खोदू लागते, धावेसारखे.

वर्धेच्या पात्रात हा टायर शोभणार नाही. नदीची वाळू खाली ओलसर असते, मध्येच गोटे आणि कडक थर लागतात. वल्ह्यांच्या पट्ट्या तिथे लवकर झिजतात, फाटतात. तिथे साधा रुंद टायर आणि थोडी कमी केलेली हवा पुरते. पलीकडच्या काठावर डांबरी रस्ता लागला, की ती हवा तेवढी पुन्हा भरून घ्यावी लागते, नाहीतर मऊ टायर तापून फुटतो.