क्वेडलिनबुर्गच्या मठाध्यक्षा

क्वेडलिनबुर्गच्या मठाध्यक्षा : जर्मनीतील आजच्या सॅक्सनी-आनहाल्ट राज्यात, हार्त्स पर्वताच्या उत्तरेस असलेल्या क्वेडलिनबुर्ग येथील स्त्रीमठाच्या प्रमुख. बहुतेक जणी राजघराण्यांतल्या किंवा मोठ्या सरदार घराण्यांतल्या होत्या. जर्मनीचा राजा पहिला हाइन्रिख ९३६ मध्ये वारला. त्याला क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर पुरले आणि त्याच्या आत्म्यासाठी अखंड प्रार्थना व्हावी म्हणून त्याची विधवा माटिल्डा आणि पुत्र पहिला ऑटो यांनी त्याच वर्षी हा मठ स्थापला. पुढची तीस वर्षे माटिल्डाने मठाध्यक्षा हे पद न घेता त्याचा कारभार पाहिला.

मठातील स्त्रिया कडक व्रतांनी बांधलेल्या जोगिणी नव्हत्या. त्यांना स्वतःची मालमत्ता राखता येई, मठ सोडून लग्नही करता येई. आजन्म बांधिलकी मठाध्यक्षेवर असे. लॅटिनचे शिक्षण, ग्रंथांची नक्कल आणि पूर्वजांचे स्मरणविधी ही मठाची नित्याची कामे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे लिहिलेला वार्षिक वृत्तांत हे त्या काळच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहे.

पहिली मठाध्यक्षा माटिल्डा (९५५–९९९) ही पहिल्या ऑटोची मुलगी, राणी माटिल्डाची नात. ९६६ मध्ये तिला हे पद मिळाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ती शोभेची बाहुली मात्र ठरली नाही. कोर्फाय मठातील विडुकिंडने आपला सॅक्सन लोकांचा इतिहास तिला अर्पण केला. तिचा भाऊ दुसरा ऑटो ९८३ मध्ये वारल्यावर बव्हेरियाच्या हाइन्रिखने त्याचा बाल मुलगा तिसरा ऑटो याचे राज्य बळकावण्याचा प्रयत्न केला. तो हाणून पाडण्यात बाळाची आई थेओफानू आणि आजी आडेलहाइड यांच्यासोबत माटिल्डाही होती. ९९४ मध्ये तिसऱ्या ऑटोने तिला बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकात घेण्याचा अधिकार दिला. ९९७ मध्ये इटलीला निघताना त्याने राज्याचा कारभार या आत्याच्याच हाती सोपवला. तिच्या सत्तेचे मूळ रक्ताच्या नात्यात होते हे खरे. पण ती निभावण्याची कुवत तिची स्वतःची होती, आणि इतिहासात तिला राजाची आत्या एवढीच ओळख देणे अन्यायाचे आहे.

तिच्यानंतर दुसऱ्या ऑटोची मुलगी आडेलहाइड मठाध्यक्षा झाली. आडेलहाइडची बहीण सोफी गांडर्सहाइमच्या मठाची प्रमुख होती. मठाध्यक्षेची प्रतिमा असलेली चांदीची पातळ नाणी बाराव्या शतकात क्वेडलिनबुर्गच्या टांकसाळीतून निघत. मठाचे संरक्षण आणि फौजदारी न्याय मात्र ‘फोग्ट’ म्हणजे सरंजामी पालकाकडे असे, आणि त्याच्याशी मठाचे वारंवार खटके उडत. पंधराव्या शतकात हाल्बरस्टाटच्या बिशपचे पाठबळ मिळवून शहर मठाला जुमानेनासे झाले. तेव्हाची मठाध्यक्षा सॅक्सनीची राजकन्या हेडविग हिने भावांची मदत मागितली. १४७७ मध्ये त्यांच्या फौजेने शहर घेतले आणि नागरी स्वातंत्र्याची निशाणी असलेला रोलांडचा पुतळा खाली पाडला गेला.

सोळाव्या शतकात मठाने लूथरचा पंथ स्वीकारला, तरी पद टिकले. स्वीडनची राजकन्या सोफिया आल्बर्टिना ही शेवटची मठाध्यक्षा. १८०३ मध्ये मठ विसर्जित होऊन त्याचा मुलूख प्रशियाकडे गेला.